माणसाने ढवळाढवळ थांबवली, तर निसर्गाचा समतोल आपोआप सावरतो का?

अर्धं उत्तर 'हो' आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी नागपूरकर म्हणून आमच्या अंबाझरी तलावाकडे बोट दाखवीन.

मुळात हा तलावच माणसाने केलेला. १८७० साली शहराला पाणी मिळावं म्हणून बांध घालून नाग नदीचं पाणी अडवलं. त्या पाण्यात मासे वाढले, पाणपक्षी यायला लागले. त्यामुळे 'माणसाने हात लावला की नासलंच' हे मला पटत नाही.

नासवलं ते सांडपाण्याने. वरच्या अंगाच्या वस्त्यांचं मैलापाणी, साबणाचं पाणी तलावात येतं आणि सोबत नायट्रोजन, फॉस्फरस आणतं. म्हणजे आयतं खतच. पाण्यावर तरंगत पसरणाऱ्या जलपर्णीला आणखी काय हवं? ही बया मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांच्या हौसेपायी इकडे आणलेली. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला दुसरं रोप धरतं. खतावलेल्या पाण्यात पंधरवड्यात पसारा दुप्पट होऊ शकतो. लांबून हिरवंगार मैदान वाटतं. पण खाली उजेड पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात आणि त्या कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले, की समजायचं पाणी गुदमरलंय.

मग पोकलेन येतो, पेपरात फोटो छापून येतात. उपसलेल्या जलपर्णीचा ढीग काठावरच पडून कुजला, तर तेच खत पावसाने परत तलावात. शिवाय तिचं बी तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. नाल्याचं तोंड उघडं ठेवून जलपर्णी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

हे नागपुरापुरतंही राहत नाही बरं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आमची घाण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाते. भोगतात तिकडचे ढिवर, म्हणजे मासेमार.

आता तुमचा प्रश्न. सांडपाणी आज बंद केलं, तरी तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं पाण्यात सुटत राहतो. म्हणून आधी नाले वळवून पाणी शुद्ध करायचं, मग गाळ उपसायचा. नुसतं हात काढून घेऊन भागत नाही. उलट्या क्रमाने केलं तर पैसा पाण्यात.