वर्गमूळ : चिन्हाबाहेर काय येतं?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकली, आता गणित इंग्रजीतून. √७२ चं सोपं रूप तिने ३६√२ लिहिलं, ते चुकीचं ठरलं. ७२ म्हणजे ३६ × २ हे तर खरं आहे. मग चुकलं कुठे?
– एक पालक, डिचोली

उत्तर : फोड अगदी बरोबर आहे. चूक झाली ती ३६ बाहेर काढताना. चिन्हाबाहेर ३६ येत नाही, ३६ चं वर्गमूळ येतं : √७२ = √३६ × √२ = ६√२.

घरापुढचं चौरस अंगण ७२ चौरस मीटर आहे असं धरा. ८ चा वर्ग ६४, ९ चा ८१. म्हणजे अंगणाची बाजू ८ ते ९ मीटरच्या मध्ये, सुमारे ८.४९. आता ३६√२ पाहा : जवळजवळ ५१ मीटर! त्या बाजूचं अंगण २५९२ चौरस मीटर होईल. उत्तर लिहून झालं की हा अंदाज घ्यायला मुलीला सांगा. अर्ध्या मिनिटात चूक सापडते.

मोठा पूर्ण वर्ग चटकन सुचत नसेल तर मूळ अवयव पाडावेत. ७२ = २ × २ × २ × ३ × ३. दोनाची एक जोडी, तिनाची एक जोडी, आणि एक २ एकटा. प्रत्येक जोडीतला एकच बाहेर येतो, एकटा आतच राहतो. बाहेर आलेल्यांचा गुणाकार २ × ३ = ६.

कुणी ७२ = ९ × ८ घेऊन ३√८ वर थांबतं. किंमत बरोबर, पण काम अर्धं. ८ मध्ये अजून ४ दडलेला आहे. तो काढल्यावर ३ × २√२ = ६√२. इथे बरीच मुलं ३ आणि २ ची बेरीज करून ५√२ लिहितात. बाहेरच्या संख्या गुणायच्याच असतात.

प्रश्न : ३√८ × २√६ सोडवताना आधी गुणावं की आधी सोपं रूप द्यावं?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : उत्तर दोन्हीकडून एकच येतं, पण आधी सोपं रूप द्यावं. ३√८ = ६√२. मग बाहेरचे बाहेरच्यांशी, आतले आतल्यांशी : ६√२ × २√६ = १२√१२. इथे थांबू नका, √१२ = २√३, म्हणून उत्तर २४√३. हा फायदा √७५ × √९८ मध्ये जास्त जाणवतो. ५√३ × ७√२ = ३५√६ हे तोंडी होतं; थेट गुणलंत तर ७३५० चे अवयव पाडत बसावं लागेल.

हा नियम गुणाकाराचा आहे, बेरजेला लावू नका. √९ + √१६ = ७, पण √(९ + १६) = ५. कंसाचा वर्ग करतानाही मधलं पद हमखास सुटतं : (२ + √३)² = ४ + ४√३ + ३ = ७ + ४√३.

आणखी एक अट पुस्तकात बारीक अक्षरांत असते, म्हणून नजरेतून निसटते : √अ × √ब = √(अब) लिहिताना अ आणि ब शून्य किंवा धन हवेत. तसंच √(अ²) म्हणजे डोळे झाकून अ नव्हे. अ = −५ असेल तर अ² = २५ आणि √२५ = ५.