आधी ती पोच शोधा

प्रश्न : आमच्या शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठे रस्ते, मैदानं, दुकानं हे ठरवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाली आहे. जुन्या आराखड्यात सोसायटीसमोर क्रीडांगण होतं, ते आता वाणिज्य विभागात दाखवलं आहे. यात बिल्डरशी संगनमत आहे, असा आमचा संशय आहे. शिवाय आमच्या आवारातून १८ मीटरचा रस्ता नेला आहे. आम्ही ३४० रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन माजी नगरसेवकांना दिलं, आयुक्तांना ई-मेल केला, पेपरात बातमीही आली. आता सुनावण्या सुरू झाल्या, पण आम्हाला बोलावणं नाही. हरकतींची मुदत संपली असं सांगतात. सरळ हायकोर्टात जावं का? ता. क. सी विंगमधल्या एका निवृत्त काकांनी स्वतःच्या नावाने हरकत दिली होती म्हणे, पण ते एकटेच.
– एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव

उत्तर : ताई, तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही ता. क. करून तळाला टाकलं आहे. ३४० सह्या वर, काका खाली. कायद्यात हा क्रम नेमका उलटा लागतो.

गेल्या काही महिन्यांत याच चालीची पत्रं येत आहेत. शहर वेगळं, आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) वेगळं, गोष्ट तीच : सह्यांची मोहीम झाली, फलक लागले, व्हॉट्सॲपवर नकाशा फिरला आणि मुदतीत रीतसर हरकत मात्र कुणीच दिली नाही. म्हणून प्रारूप योजना म्हणजे काय, ती कशासाठी, हे सगळं मी इथे सांगत बसत नाही. तुमचा प्रश्न महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या एका पोटकलमावर अडला आहे. ते आहे कलम २८(३). हरकती आणि सूचना नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि जोडीला नगररचनेतले जास्तीत जास्त चार जाणकार. समितीने म्हणणं मांडायची वाजवी संधी कुणाला द्यायची, तर ज्याने हरकत किंवा सूचना दाखल केली आहे त्याला. ज्याचं नुकसान होतंय त्याला, ज्याच्या सह्या जास्त त्याला, ज्याची बातमी आली त्याला, असं त्यात कुठेही नाही.

सुनावणीचा हक्क हरकतीच्या पोटी जन्माला येतो. हरकत नाही तर हक्कही नाही. मग उरते ती विनंती, आणि विनंती कुणी मानलीच पाहिजे असं नसतं.

तेव्हा आज संध्याकाळी काकांच्या घरी जा. चहा होईल तो होईल, पण त्यांची फाइल उघडायला लावा. चार गोष्टी बघायच्या आहेत. पोचेवर शिक्का कुणाचा आहे : महापालिकेच्या विकास योजना कक्षाचा, नगररचना विभागाचा, की नुसता क्षेत्रीय कार्यालयाचा? आवक क्रमांक आहे का? तारीख कोणती? आणि काकांनी लिहिलं काय : फक्त रस्त्याबद्दल, की क्रीडांगणाबद्दलही?

तारखेचा हिशेब तुम्हाला नोटीस कळली त्या दिवसापासून करायचा नाही, पेपरात बातमी वाचली त्या दिवसापासूनही नाही. कलम २६ खालची सूचना (योजना प्रसिद्ध झाल्याची जाहीर नोटीस) राजपत्रात ज्या दिवशी प्रसिद्ध झाली तिथून तो सुरू होतो, आणि मुदत किती, हे त्या सूचनेतच लिहिलेलं असतं. मुदतवाढ दिली असेल तर तीही बघा. त्यासाठी सूचनेची प्रत हातात हवी, कुणाच्या तोंडची माहिती चालणार नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल आणि काकांनी लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी अर्ज दिला असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (कायद्यांतले शब्द आणि मुदती कशा वाचायच्या हे सांगणाऱ्या कायद्याच्या) आधारे तो मुदतीत धरा असं म्हणता येतं. क्षेत्रीय कार्यालयाचा शिक्का असला तरी मी घाबरणार नाही. ते कार्यालय महापालिकेचंच आहे, तिथला कागद मुख्य इमारतीत पोचला नाही तर तो दोष काकांचा कसा? पण हा वादाचा मुद्दा आहे, हमखास जिंकण्याचा नव्हे.

ई-मेलचं काय? सूचनेत हरकतींसाठी ई-मेल पत्ता दिला असेल आणि तुम्ही त्याच पत्त्यावर, मुदतीत, नाव-पत्ता आणि सिटी सर्व्हे नंबर घालून मेल केला असेल, तर तीही हरकतच. आयुक्तांच्या सर्वसाधारण पत्त्यावर ‘आमचं मैदान वाचवा’ असा मेल गेला असेल, तर तो हरकत ठरेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नगरसेवकांना दिलेलं निवेदन? ते नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे महापालिकेला, मिळालंच नाही. आणि मिळालं असतं तरी ३४० सह्यांचं एक निवेदन ही बहुतेक ठिकाणी एकच हरकत म्हणून नोंदली जाते. हरकती म्हणजे मतदान नाही. एक हरकत नेमकी असेल तर ती तीनशेंना भारी पडते.

थोडं कडू बोलतो. नकाशे मुदतभर महापालिकेच्या दालनात लावलेले असतात. मी आमच्याकडचं प्रदर्शन पाहायला गेलो होतो तेव्हा भल्यामोठ्या हॉलमध्ये नायलॉनच्या दोरीवर चिमट्यांनी पत्रकं लटकवली होती. पिवळा निवासी, निळा वाणिज्य, हिरवी मैदानं आणि बागा. रंगांची सूची इतक्या बारीक टाइपात की एक आजोबा खिशातलं भिंग काढून वाचत होते. माणसं किती? दहा-बारा. त्यांतले निम्मे जमिनीचे दलाल. ते आपला सर्व्हे नंबर बोटाने बरोबर शोधत होते, मोबाइलवर फोटो काढत होते आणि खाली जाऊन अर्ज देऊन येत होते. त्यांना नियोजन समजतं असं नाही, मुदत समजते. तुमच्या ३४० जणांपैकी एकही त्या हॉलमध्ये गेला होता का? काका गेले होते, असं दिसतं.

आता पोच सापडली आणि तारीख मुदतीतली निघाली, असं धरून चालतो. काकांना सुनावणीची नोटीस आली आहे का? नसेल तर उद्याच त्यांच्या सहीने नियोजन समितीला पत्र द्या : आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुकची माझी हरकत आहे, कलम २८(३) प्रमाणे मला ऐकून घ्यावं. सोबत पोचेची झेरॉक्स आणि या पत्राचीही नवी पोच. समितीने अहवाल दोन महिन्यांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात किती लागतात ते सोडा, पण अहवालावर सही झाल्यावर तुमच्या पत्राला किंमत राहणार नाही. काकांनी तुम्हाला अधिकारपत्र दिलं तर सोसायटीच्या सचिव म्हणून तुम्ही त्यांच्याबरोबर बसू शकता. ३४० सह्यांचा कागद तिथे पुरवणी म्हणून जोडा, तो आता कामाला येईल. काकांच्या अर्जात क्रीडांगणाचा उल्लेखच नसेल तर समिती ‘हे तुमच्या हरकतीत नाही’ म्हणू शकते. तरीही लेखी म्हणणं द्यायचंच. नाही म्हणायचं तर ते त्यांनी लेखी म्हणावं.

सुनावणी कशी होते याची कल्पना असू द्या. मी एकदा एका अशिलाबरोबर गेलो होतो. पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आत टेबलावर नकाशाचं पत्रक. आमच्या आधीच्या गृहस्थांनी पंधरा वर्षांची कात्रणं आणली होती, जाडजूड फाइल. अधिकाऱ्याने विचारलं, “सिटी सर्व्हे नंबर?” गृहस्थ म्हणाले, “मारुतीच्या देवळामागे.” अधिकारी पत्रकावर मारुती शोधत राहिला. चार मिनिटांत पुढचा क्रमांक पुकारला गेला. त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण जागेवर बोट ठेवता आलं नाही म्हणून ती वाया गेली.

तुमच्याकडे किमान एवढं हवं : सोसायटीचं मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर बांधकाम नकाशा, जुन्या मंजूर आराखड्याचा आणि नव्या प्रारूपाचा त्या जागेचा भाग नकाशा, आणि विद्यमान जमीन वापर नकाशाची प्रत. शेवटच्यावर माझा विशेष भर आहे. योजनेचा पाया तोच असतो. तुमची उभी इमारत त्यात मोकळी जमीन म्हणून दाखवली असेल, तर रस्ता तिथून का गेला याचं उत्तर तिथेच मिळेल, आणि ती चूक कुणालाही नाकारता येणार नाही. भाग नकाशा शुल्क भरून मिळतो. माहिती अधिकाराच्या ३० दिवसांच्या भरवशावर बसू नका.

क्रीडांगणाबद्दल तुम्ही ‘बिल्डरशी संगनमत’ असं लिहिलं आहे. असेलही. पण त्याआधी एक साधी शक्यता तपासा. ती जागा महापालिकेने कधी ताब्यात घेतली होती का? खासगी जमिनीवरचं आरक्षण योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादित झालं नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना (‘जमीन घ्या, नाही तर सोडा’ अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग बारा, २०१५ पासून चोवीस) महापालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता ठराव करून पावलं उचलली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात स्पष्ट केलं. तुमचं मैदान असं झोपेत गेलं असेल, तर लढाई संगनमताची नाही, आणि ‘पूर्वी मैदान होतं’ एवढं म्हणून भागणार नाही. त्या भागातली मैदानाची गरज नव्याने दाखवावी लागेल. जागा महापालिकेच्या ताब्यात असूनही वापर बदलला असेल, तर मात्र तुमची बाजू बरीच भक्कम होते. बेंगळुरूमधल्या एका उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवलं आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे असंही सांगितलं. तो निकाल तिथल्या वेगळ्या कायद्याखालचा आहे, इथे जसाच्या तसा बसणार नाही, पण ‘तुम्ही कोण विचारणारे’ याला उत्तर म्हणून चांगला आहे.

रस्त्याचं म्हणाल तर उद्या कुणी बुलडोझर घेऊन येत नाही. मात्र पुनर्विकासाचा विचार सोसायटीत चालू असेल तर तो अडेल. कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेचाही विचार करावा लागतो. विकासक याच कारणाने मागे सरकतात.

हायकोर्ट. आज गेलात तर बहुधा ऐकायला मिळेल की योजना अजून प्रारूपच आहे, समितीपुढे जा. आणि पहिला प्रश्न येईल, मुदतीत हरकत दिली होती का? त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं ऐकण्यात न्यायालयाला फारसा रस नसतो. रस्ता इथून न्यावा की तिथून, यात न्यायालयं सहसा पडत नाहीत. मुदतीत हरकत देऊनही ऐकलंच नाही, यात पडू शकतात. म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची हायकोर्टातली याचिका उभी राहायची तर तीही काकांच्याच पोचेवर. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे सदस्य कुठून आणले, असले मुद्दे कुणी सुचवतील. ते एखाद्या परिच्छेदात घाला, प्रकरण त्यावर उभं करू नका. आणि याचिका दाखल झाली म्हणजे काम थांबलं, असंही नाही. स्थगिती नसेल तर तारखा पडत राहतात, तोवर योजना मंजूर होऊन अंतिम ठरते आणि जागेवर पाया खणला जातो. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

लोक मला मुंबईचा दाखला देतात. फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करायला लावला, हे खरं. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या, २०१५ मध्ये शासनाने आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला. पण ही राजकीय ताकद होती, कलमाची नव्हे. आणि पुढे काय? मुंबईचं सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरीला मे २०१८ उजाडला. पुण्याचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. तुमच्या एका सोसायटीसाठी असं वादळ उठेल या आशेवर राहू नका.

पोच सापडलीच नाही, किंवा मुदतीनंतरची निघाली तर? दार पूर्ण बंद होत नाही, फट राहते. महापालिका कलम २८(४) खाली फेरबदल करून योजना शासनाकडे पाठवते. शासनाने स्वतःहून सारभूत स्वरूपाचे फेरबदल सुचवले, म्हणजे उदाहरणार्थ नवा रस्ता किंवा नवं आरक्षण घातलं, तर कलम ३१ च्या परंतुकाप्रमाणे तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. नगररचना खात्यात याला ‘ईपी’ (एक्सक्लूडेड पार्ट) म्हणतात, मंजुरीतून तूर्त वगळलेला भाग. तुमचा रस्ता त्या यादीत आला तरच ही संधी, नाही तर नाही. त्यासाठी राजपत्रावर आणि नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर ठेवणारा एक माणूस नेमा, आणि तो व्हॉट्सॲपवर फार नसलेला बरा. तोवर मुदतीनंतरची हरकतही ‘विलंब क्षमापित करावा’ म्हणून देऊन ठेवा. ती विचारात घ्यायचं बंधन समितीवर आहे असं मला वाटत नाही, पण कागद नोंदला तर जाईल.

काकांच्या पोचेची झेरॉक्स मला पाठवा. शिक्क्यावरची तारीख वाचता येईल इतकी स्वच्छ असू द्या, आणि राजपत्रातल्या सूचनेचं पान सोबत. मग हायकोर्टाचं बघू.