दुहेरी पदवीचा खर्च आणि 2039 साली पिकणारी पॉलिसी

देवगडच्या एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी अकरावी शास्त्र शाखेत असून कबड्डी खेळते आणि तिला अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग (खेळाडूंच्या दुखापती टाळण्याचे आणि त्यांवर उपचार करण्याचे शास्त्र) व जीवशास्त्र अशी दुहेरी पदवी घ्यायची आहे. पाच वर्षांचा खर्च 2 लाख डॉलर, हाताशी 20 लाखांची मुदत ठेव. तेव्हा डॉलर आत्ताच घेऊन ठेवावेत का, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, 2024 मध्ये मुलीच्या नावे 15 वर्षांचा ‘चाइल्ड प्लॅन’ घेतल्याचे आणि वर्षाला 3 लाख हप्ता भरत असल्याचे त्यांनी कळवले आहे.

डॉलर 90 रुपये धरला तरी खर्च 1 कोटी 80 लाख होतो. त्यात 20 लाखांचे डॉलर आज घेतले काय आणि उद्या घेतले काय, विशेष फरक पडत नाही.

खरी चूक त्या शेवटच्या ओळीत आहे. फी भरायची 2027 पासून आणि पॉलिसी पिकणार 2039 मध्ये, म्हणजे मुलगी तिशीच्या आसपास असताना. शिवाय विमा मुलीच्या जिवावर काढलेला आहे. ज्यांच्या कमाईवर घर, कर्ज आणि शिक्षण चालणार त्या आपल्या जिवावर एक रुपयाचाही नाही. माहितीपत्रकात परतावा 4 टक्के आणि 8 टक्के धरून केलेल्या दोन रकान्यांपैकी एजंटाने आपल्याला अर्थातच दुसरा दाखवला. दोन्हींपैकी एकाचीही हमी नसते, हे खालच्या बारीक अक्षरांत असते. दोन हप्त्यांचे 6 लाख गेले म्हणून उरलेले 39 लाख भरत राहणे मला पटत नाही. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद केल्यास, भरलेल्या रकमेच्या किमान 30 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार मिळायला हवेत. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवावा आणि तिसऱ्या हप्त्याच्या तारखेपूर्वी निर्णय घ्यावा. वाचलेल्या 3 लाखांतून आपल्या नावे दीड कोटींचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा साधा विमा, घ्यावा. तो साधारण 40 हजारांत बसेल. उरलेले पैसे मुदत ठेवीत टाकावेत.

आता पदवीविषयी. जीवशास्त्राच्या जोडीमुळे पुढे फिजिओथेरपी, वैद्यक किंवा संशोधन यांचा पाया तयार होतो, हा खरा लाभ. मात्र अमेरिकेत 2022 नंतर अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचे प्रवेश पदव्युत्तर पातळीवरच होतात. त्यामुळे ‘तीन अधिक दोन’ रचनेचा (तीन वर्षे पदवीची, दोन मास्टर्सची), शेवटी मान्यताप्राप्त मास्टर्स देणारा अभ्यासक्रम असेल तरच पुढे जावे; ‘चार वर्षांत दोन पदव्या आणि लगेच परवाना’ सांगणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवावे.

बाग तारण ठेवून 1 कोटी काढले, तर 10 टक्के व्याजाने 15 वर्षे महिना 1 लाख 7 हजारांचा हप्ता येईल. तिथे वर्षाला 60 हजार डॉलर मिळाले तर तो झेपेल. भारतात परतून महिना 40 हजार रुपयांपासून सुरुवात झाली तर तो आपल्या कलमांवरच पडेल. मोहोर जळाला, फळगळ झाली, म्हणून बँक हप्ता पुढे ढकलत नाही.

म्हणून बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन राज्यातच फिजिओथेरपी करावी. क्रीडा शाखेतील मास्टर्ससाठी परदेशाचा विचार तेव्हा करता येईल; खर्च दोन वर्षांचाच असेल आणि बाग तारण ठेवावी लागेल का, हेही तेव्हाच पाहता येईल.