एवढ्याशा मिरजेत एवढी हॉस्पिटलं कशी?

जतच्या डॉक्टरांनी तुमच्या वडिलांना मिरजेला न्यायला सांगितलंय, आणि तुम्ही विचारताय की एवढ्या छोट्या गावात एवढी हॉस्पिटलं कशी, नुसता धंदा तर नाही ना? मी चाळीस वर्षं मिरजेत राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मिशनपासून करावी लागते. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे डॉक्टर. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते 1889 साली इकडे आले आणि 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिली. त्याच सुमारास रेल्वे आली होती. पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथे मिळायच्या, त्यामुळे बैलगाडीनं जवळच्या स्टेशनापर्यंत पोचलेला पेशंट पुढे थेट मिरजेत उतरायचा. रेल्वे नसती तर मिशनची कीर्ती दहा-वीस कोसांपुरतीच राहिली असती, असं मला वाटतं.

पण माझ्या मते खरं काम इमारतीचं नव्हे, शिकवण्याचं झालं. 1897 च्या सुमारास वानलेसांनी इथे डॉक्टर आणि नर्स घडवायला सुरुवात केली. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं हॉस्पिटल झालं. क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, त्या भागाला आजही वानलेसवाडी म्हणतात. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी कितीतरी जण इथेच राहिले, त्यांनी आपापले दवाखाने थाटले. 1962 मध्ये मेडिकल कॉलेज आलं आणि ही साखळी आणखी लांबली. नुसती हॉस्पिटलं बांधून गाव मिरज होत नाही. भूल देणारा, रात्रपाळीची नर्स, रक्तपेढीतला टेक्निशियन ही माणसं गावातच मिळावी लागतात.

माझी आत्या मिशनमध्येच नर्सिंग शिकली. पेशंटच्या अंगाखालची चादर बदलायची तर आधी त्याला एका कुशीवर वळवून अर्धी बदलायची, मग दुसऱ्या कुशीवर, आणि सुरकुती राहता कामा नये, कारण तिथेच पाठीला जखम होते. म्हातारपणी घरातल्या बिछान्यावरसुद्धा ती तळहात फिरवून सुरकुती शोधायची. हे तिला शिकवलं गेलं, तिनं पुढे कितीजणींना शिकवलं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात सात महिने अंथरुणावर असून तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही, ती या शिकवणीमुळे.

पहाटे स्टेशनबाहेर उभे राहा. बेळगावकडची गाडी आली की एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरलेली माणसं उतरतात. निम्मी कन्नड बोलतात, आणि रिक्षावाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलतात. पेशंटच्या नातेवाइकांना खोली देणाऱ्या लॉज, डबा पोचवणाऱ्या बायका, यावरही इथली कितीतरी घरं चालतात.

आता धंद्याचं. तो आहे, नाही म्हणत नाही. कमिशनवर पेशंट फिरवणारे इथेही आहेत. त्यामुळे स्टेशनवर कुणी "चला, चांगला डॉक्टर दाखवतो" म्हणालं तर जाऊ नका. जतच्या डॉक्टरांकडून विशिष्ट डॉक्टरचं नाव आणि चिठ्ठी घेऊनच निघा. ऑपरेशन सांगितलं आणि घाईची वेळ नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. दोघे डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात, हाच तर मिरजेचा फायदा.

रेशनकार्ड आणि आधार विसरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का, आणि वडिलांचा नेमका आजार तिथे बसतो का, हे भरती करण्याआधी काउंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नको. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा. चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा आणा, नावं आठवत बसावं लागत नाही.

वडिलांना नेमका त्रास काय आहे ते इथे लिहा. कोणत्या विभागात जावं, एवढं तरी मला नक्की सांगता येईल.