नोकरी गेली, आता फ्रीलान्स पीआर जमेल का?

प्रश्न: एजन्सीतली पीआरची (जनसंपर्काची) नोकरी गेली, ओळखीतून सुटी कामं येतायत पण पैसे किती नि कसे मागायचे तेच कळत नाही.

उत्तर: सुट्या प्रेसनोटांवर घर चालत नाही हो, महिन्याचा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, मागा. त्यात किती प्रेसनोट, किती पिचिंग (पत्रकारांना बातमी सुचवणं), किती वेळा दुरुस्त्या हे ईमेलवर लिहून घ्या, नाहीतर "जरा एवढं बघता का" म्हणत रात्री अकराला फोन येतो! बातमी छापून येईलच असं कबूल करू नका, ते संपादकाच्या हातात, आपण घेतो ते मेहनतीचे पैसे. अर्धे आगाऊ मागा, लाजायचं काय त्यात. जुन्या क्लायंटना फोन करण्याआधी मात्र नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट वाचा, मनाईचं कलम असू शकतं. पत्रकारांच्या ओळखी तुमच्याच, त्यांना नवा नंबर आजच कळवा.