आधी दुखतंय कुठे ते पाहा, मग माऊस-कीबोर्ड मागवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉप, तोही जेवणाच्या टेबलावर, त्यात रोज बरंच मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर. उजवं मनगट दुखतं, करंगळ्या भरून येतात, आणि आता व्हर्टिकल (उभा धरायचा) माऊस व स्प्लिट (दोन भागांत विभागलेला) कीबोर्ड दोन्ही एकदम मागवायचे आहेत.

दोन्ही एकदम मागवू नका. कुठलंही अर्गोनॉमिक, म्हणजे शरीराला सोयीचं म्हणून बनवलेलं उपकरण हातावरचा भार नाहीसा करत नाही, तो एका स्नायूवरून दुसऱ्यावर टाकतो. दुसरा स्नायू आधीच दुखावलेला असेल तर महागडा माऊस घेऊन त्रास वाढतो. शिवाय दोन बदल एकाच आठवड्यात केले, तर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

म्हणून आधी जागा नक्की करा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटातल्या मधल्या नसेवर दाब येत असावा. यालाच कार्पल टनेल म्हणतात. मुंग्या करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागात असतील तर बहुतेक वेळा मूळ मनगटात नसतं, कोपरात असतं: टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकून कोपराची नस दबते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर अंगठ्याच्या स्नायुबंधांना सूज असू शकते. आणि कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी ठणकत असेल, तर माऊस धरताना पंजा सतत वर उचललेला राहतो, हे त्याचं नेहमीचं कारण.

बधिरपणा दिवसभर टिकत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसत असेल, तर खरेदी बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह आणि थायरॉइडमुळेही कार्पल टनेल होतो, तेही तपासून घ्यावं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा कार्पल टनेलवर चांगला उपयोगी पडतो, पण तोच पट्टा बांधून टायपिंग करू नका. मनगट हलत नाही म्हणून ते काम खांदा आणि कोपर करायला लागतात, आणि दुखणं वर सरकतं.

आता टेबल. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथेच आहे. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. खुर्चीत बसून खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत अंतर मोजा. मध्यम उंचीच्या माणसाचं हे माप बहुतेकदा ७० च्या आत येतं. कीबोर्डची जाडी धरून टायपिंगची पातळी कोपराएवढी किंवा किंचित खाली हवी. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्या किंवा बसायला घट्ट उशी घ्या, आणि पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा. पाय लोंबकळत राहिले की माणूस पुढे सरकतो आणि सगळा भार मनगटांनी टेबलाच्या धारेवर येतो. त्या धारेवर टॉवेलची घडी चिकटवली तरी फरक पडतो.

लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि बाहेरून साधा कीबोर्ड जोडा. हा कीबोर्ड नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट) नसलेला घ्या. पूर्ण आकाराचा कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो, नंबरपॅड नसलेला ३६ च्या आसपास. तेवढा माऊस अंगाजवळ येतो आणि खांदा बाहेर ताणून धरावा लागत नाही. कीबोर्डच्या मागचे दुमडणारे पाय बंद ठेवा, ते उघडले की मनगट वर वाकतं. जेलची गादी घेतलीत तर ती तळहाताच्या टाचेखाली ठेवा, मनगटाच्या घडीखाली नको. तीही थांबल्यावर टेकायला. टायपिंग करताना हात मोकळे फिरू द्या.

एवढं करून दोन आठवडे थांबा. मग माऊस.

व्हर्टिकल माऊसने पंजा हस्तांदोलनाच्या स्थितीत येतो आणि पुढच्या हाताची पिळवट कमी होते. कोपराच्या बाहेर दुखणाऱ्यांना हा सहसा मानवतो. मात्र त्यात क्लिक आडवं होतं. बोट बाजूने ढकलतं, आणि माऊस सरकू नये म्हणून अंगठा उलट बाजूने दाबून धरावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर म्हणूनच हा नको, आणि अंगठ्याने गोळा फिरवायचा लॉजिटेक एर्गो एम५७५ सारखा ट्रॅकबॉल तर अजिबात नको. तिथे केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊससारखा, बोटांनी फिरवायचा मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल पाहा.

माप चुकलं तर चांगला माऊसही वाया जातो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. १९ सेंटिमीटरपर्यंत असेल तर लॉजिटेक लिफ्टसारखा लहान माऊस घ्या. मोठ्या पंजासाठी त्याच कंपनीचा एमएक्स व्हर्टिकल. दोन्हींचा कोन ५७ अंश आहे. पॉइंटरचा वेग वाढवा, आणि माऊस मनगटाने न झटकता कोपरापासून हलवा. दिवसातले एक-दोन तास साधा माऊस डाव्या हाताने वापरायची सवय लावा. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलता येतं.

स्प्लिट कीबोर्ड सगळ्यात शेवटी. दोन्ही भाग सुरुवातीला चार बोटं अंतरावर ठेवा, मग हळूहळू खांद्याइतके लांब न्या. दोन्ही भागांच्या आतल्या कडा उचलून दिलेला उतार पहिल्या दिवशी पाच अंशांपेक्षा जास्त नको. पहिले काही आठवडे वेग कमी होणार. कामाची मुदत जवळ असेल तेव्हा सुरुवात करू नका.

करंगळ्यांचं कारण मात्र इनस्क्रिप्टमध्येच आहे, आणि ते इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याच परीक्षणात सापडणार नाही. ज, ड, च, ट, य ही पाचही अक्षरं उजव्या करंगळीखाली येतात. ख, घ, थ, ध, श यांना डाव्या करंगळीने शिफ्ट लागते. ण आणि आ, ई, ए, ओ हे पूर्ण स्वर काढायला उजवीने. आज, फुकटात करण्यासारखा उपाय म्हणजे स्टिकी कीज: विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबून येणाऱ्या प्रश्नाला होकार दिला की चालू होतं. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची, नंतर अक्षर. शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते असे स्प्लिट कीबोर्ड आहेत, तुमचा अंगठा ठणठणीत असेल तर तसाच निवडा. आणि मागवण्याआधी फोटोत कळा मोजा. चाळीसेक कळांच्या छोट्या कीबोर्डवर चौकटी कंसाची स्वतंत्र कळ सहसा नसते, म्हणजे तिच्यावरचे ड आणि ढ दुसऱ्या थरात जातात आणि प्रत्येक ड साठी एक जास्तीची कळ दाबावी लागते. उलटी तिरपी रेघही बहुधा तिथेच गेलेली असते, तिच्यावर ॉ आणि ऑ आहेत. या दोन कळा आपापल्या जागी असलेलाच कीबोर्ड घ्या.