‘जुन्या घरांचं खूळ’

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. आर्किटेक्चरला जायचं म्हणते, पण आवड दगडामातीच्या जुन्या घरांची. काळ काचेच्या टॉवरचा आहे. हे खूळ सोडलं तरच फी भरीन, असं तिला बजावलंय आणि चित्रांची वहीही काढून घेतलीय. तिला समजवा.
– एक वडील

उत्तर : आधी वही परत द्या. मार्क आणि स्कोप यांचं मागाहून बघू.

त्या वहीत ती काय काढते, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. उघडून तरी पाहिलीत का? नुसते नक्षीदार खांब आणि खिडक्या आहेत, की भिंत किती जाड, छपराचा उतार कुणीकडे, पागोळ्यांचं पाणी कुठे जातं, हेही टिपलंय? पहिलं असेल तर तिला चित्रकला आवडते. दुसरं असेल, तर ती आत्ताच आर्किटेक्टसारखा विचार करतेय आणि तुम्ही तिला अडवताय.

जुनं म्हणजे माती आणि मॉडर्न म्हणजे काच, ही वाटणी दुकानदाराची झाली. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांडो या आपल्या गावी शाळा बांधली ती मातीच्याच विटांनी. फक्त मातीत थोडं सिमेंट मिसळलं आणि पत्र्याचं छप्पर भिंतींपासून वर उचलून धरलं, मधून वारा खेळावा म्हणून. 2022 चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं समजलं जाणारं पारितोषिक त्यांना मिळालं. उलट, चुन्यात बांधलेल्या भिंतीला ‘मजबुती’साठी सिमेंटचा गिलावा करणारे महाभाग पुष्कळ. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आतला चुना भुसभुशीत होतो. अशा भिंतीला चुनाच का लागतो, हे कळणारी माणसं डागडुजीच्या कामात शोधावी लागतात.

लेकीलाही एक सांगा. जुनं ते सगळं सोनं नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती भूकंपात माणसांच्या अंगावर येतात. त्या का ढासळतात, हे शिकायचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र तिचं नाही.

प्रवेशासाठी नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, पुढे पाच वर्षांचं बी. आर्क. ते तिला तुमच्याआधी माहीत असणार.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवायला सांगा. पानं तिने निवडायची.